अडीचशे फुटांचं माप

२२ सप्टेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेच्या कार्यकारी संचालकांनी एक ठराव मंजूर केला. बँकेच्या कर्जावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पामुळे ज्यांचं नुकसान होतं त्यांनी थेट बँकेकडे तक्रार करावी, आणि ती बँकेच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली नसलेल्या तिघांनी तपासावी, असा तो ठराव. बरोबर आठ दिवसांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या शिवेवरची जमीन हलली. या दोन तारखा शेजारी आल्या तो निव्वळ योगायोग. पण तो ठराव ज्या भांडणातून निघाला ते महाराष्ट्राच्या एका टोकाला झालं होतं, आणि भूकंपानंतर दुसऱ्या टोकाला पैसा घेऊन आली ती हीच बँक.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, रात्री उशिरा लोक पाठ टेकायला घरात गेले होते. किल्लारीच्या परिसरात १९९२च्या ऑक्टोबरपासून लहानमोठे हादरे बसतच होते, त्यामुळे भीती नवी नव्हती. तरी माणसं घरात झोपली, कारण घर भक्कम वाटत होतं. तेरणेच्या खोऱ्यातलं ते माळवदाचं घर: दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आत मातीचा गारा, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला वरून आणखी माती टाकायची, की छत दरवर्षी थोडं जड व्हायचं. भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक असे दगडाचे दोन पदर, मध्ये भर. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. जमीन हलली तसे पदर सुटले आणि माळवद खाली आलं. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली, सुमारे १६ हजार जखमी झाली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली गावं एका मिनिटाच्या आत ढिगारा झाली. गावाच्या कडेला कुडाच्या नाहीतर पत्र्याच्या खोपटात राहणारे पुष्कळ जण मात्र वाचले. ज्याच्या घराला सगळ्यात जास्त दगड लागले होते त्याच्यावर सगळ्यात जास्त दगड पडले, हे त्या पहाटेनं करून ठेवलं.

मुख्यमंत्री शरद पवार होते. राज्य सरकारनं मदतीबरोबरच कर्जाचीही बोलणी सुरू केली आणि १९९४ साली महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. त्यासाठी जागतिक बँकेनं आपल्या सवलतीच्या कर्जाच्या खिडकीतून सुमारे २४.६ कोटी डॉलर दिले. कर्जदार कोण, तर भारत सरकार. सास्तूरच्या माणसाच्या दृष्टीनं ती सरकारी मदत होती. तिच्या मागे सावकार आहे आणि त्या सावकाराच्या स्वतःच्या काही लेखी अटी आहेत, याच्याशी त्याचा संबंध येण्याचं कारणच नव्हतं. गावच्या सावकाराचं निदान तोंड तरी माहीत असतं.

या बँकेला महाराष्ट्रातल्या गावांनी भूकंपाच्या सहा महिने आधीच बाहेरची वाट दाखवली होती. गाव होतं मणिबेली.

मणिबेली म्हणजे सरदार सरोवराच्या भिंतीला अगदी लागून असलेलं, पाण्याखाली जाणारं महाराष्ट्राचं पहिलं गाव. तालुका अक्कलकुवा, नंदुरबार जिल्हा १९९८मध्ये झाला, त्यामुळे तेव्हाच्या बातम्यांत ते धुळे जिल्ह्यात सापडतं. नर्मदा पाणीतंटा लवादानं १९७९ साली निवाडा दिला, त्यात महाराष्ट्राला विजेतला २७ टक्के वाटा मिळाला आणि ३३ गावांची बुडीत. १९८५मध्ये जागतिक बँकेनं धरण आणि कालव्यांसाठी ४५ कोटी डॉलरचा करार केला. त्याच सुमारास टाटा समाजविज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या मेधा पाटकर खोऱ्यात हिंडू लागल्या होत्या. गावागावांत त्यांना भेटलेला पहिला प्रश्न साधा होता: तुमची जमीन कोणती? अक्राणी आणि अक्कलकुव्यातले आदिवासी पिढ्यानपिढ्या जंगलातली जमीन कसत होते, पण सातबारा त्यांच्या नावावर नव्हता. सरकारी दप्तरात ते अतिक्रमणदार. अतिक्रमणदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन कशी द्यायची, या एका प्रश्नावर महाराष्ट्रातलं अर्धं पुनर्वसन अडून बसलं.

आंदोलनानं एक गोष्ट लवकर ओळखली, ती म्हणजे मुंबई आणि दिल्लीइतकंच वॉशिंग्टनलाही भांडावं लागेल. १९८९च्या ऑक्टोबरमध्ये मेधा पाटकर अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे साक्षीला गेल्या. पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांनी नर्मदेवरच्या धरणांच्या नफ्या-तोट्याची उलटतपासणी करणारं पुस्तक लिहिलं. मग १९९०च्या डिसेंबरअखेर बडवानीहून संघर्षयात्रा निघाली. बाबा आमटे सोबत. गुजरातच्या हद्दीवर फेरकुवा इथं ती अडवली गेली, आणि तिथं थंडीत तीन आठवड्यांच्या वर उपोषण चाललं. धरण थांबलं नाही. बँक मात्र हलली. अध्यक्ष बार्बर कोनेबल यांनी स्वतंत्र फेरतपासणीला मान्यता दिली. बँकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं.

या तपासणीचे प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स हे अमेरिकी काँग्रेसचे माजी सदस्य, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. म्हणजे कोणी बंडखोर नव्हे, त्याच घरातलं माणूस. त्यांचे जोडीदार टॉमस बर्जर हे कॅनडाचे माजी न्यायाधीश, उत्तरेतल्या आदिवासी मुलखातून जाणाऱ्या पाइपलाइनच्या चौकशीमुळे नावाजलेले. जून १९९२मध्ये अहवाल आला. पुनर्वसनाची तयारी नाही, पर्यावरणाचा अभ्यास नाही, आणि जे झालं नाही त्याची जबाबदारी कर्ज घेणाऱ्या सरकारांइतकीच कर्ज देणाऱ्या बँकेवर आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. बँकेनं दोन पावलं मागे यावं हा त्यांचा सल्ला. बँकेला तेवढं मागे यायचं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये संचालकांनी सहा महिन्यांची मुदत आणि काही अटी घालून काम पुढे चालू ठेवलं. मुदत संपत आली आणि ३० मार्च १९९३ रोजी भारत सरकारनंच कळवलं, उरलेलं कर्ज नको. कर्ज गेलं, धरण राहिलं. त्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं.

आंदोलनाचा विजय आणि गावाचं बुडणं एकाच वर्षात, काही महिन्यांच्या अंतरानं, ही गोष्ट मराठीत फार कमी वेळा एका दमात सांगितली गेली आहे. बँकेला जाब विचारणारं आंदोलन जिंकलं, तसा जाब देऊ शकणारी बँक निघून गेली. मग उरलं ते आपलं सरकार, आणि त्याला वॉशिंग्टनच्या ठरावाशी देणंघेणं नव्हतं.

इकडे बँकेच्या देणगीदार देशांत वेगळीच वादळं उठली होती. बँकेचेच एक अधिकारी विली वापेनहान्स यांच्या अहवालानं दाखवून दिलं की कर्ज मंजूर करण्याची घाई हीच संस्थेची सवय झाली आहे, आणि एक तृतीयांशाहून जास्त प्रकल्प समाधानकारक नाहीत. अमेरिकी काँग्रेसनं पैसे अडवून धरायची भाषा केली. त्यातून २२ सप्टेंबरचा तो ठराव झाला आणि इन्स्पेक्शन पॅनेल जन्माला आलं. ऑगस्ट १९९४मध्ये पॅनेलचं काम सुरू झालं. पुढच्याच महिन्यात, बँकेला पन्नास वर्षं झाल्याच्या निमित्तानं, ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना कर्ज देणं थांबवा असं जाहीर केलं. त्या पत्रकाचं नाव मणिबेली जाहीरनामा. पॅनेलकडे पहिली तक्रार नेपाळच्या अरुण धरणाची आली, आणि १९९५मध्ये बँकेनं त्या धरणातून अंग काढून घेतलं.

पॅनेलचे नियम वाचले तर ते तसे सोपे आहेत. एकटा माणूस चालत नाही, समान हितसंबंध असलेले किमान दोघे हवेत. तक्रार कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, लिहिता येते. वकील लागत नाही. मात्र पॅनेल तपासतं ते एवढंच, की बँकेनं स्वतःचे नियम पाळले का. सरकार, कलेक्टर, गुत्तेदार हे सगळे त्याच्या कक्षेबाहेर. आणि तपासणीचा अहवाल जातो संचालकांकडे. नुकसानभरपाईचा हुकूम काढायचा अधिकार पॅनेलला नाही.

आता पुन्हा उमरग्याकडे. पुनर्वसनाच्या आराखड्यात गावांचे वर्ग पाडले होते. सगळ्यात जास्त कोसळलेली ५२ गावं अ वर्गात. ती जुन्या जागेवरून उठवून नव्या गावठाणात न्यायची. काही गावं होती तिथंच बांधायची. बाकीची सुमारे अडीच हजार गावं, त्यांतली दोन लाखांच्या आसपास घरं, दुरुस्त करून मजबूत करायची. नव्या गावात घर किती मोठं मिळणार, हे ठरवलं जमिनीनं. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला अडीचशे चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला चारशे, त्यावर जमीन असणाऱ्याला साडेसातशे. म्हणजे पुन्हा सातबाराच. मणिबेलीत सातबारा नसल्यामुळे माणूस अतिक्रमणदार ठरला होता. सास्तूरकडे सातबारा बघून घराच्या भिंती आखल्या गेल्या.

सरकारी कारभाराला एक माप लागतं, हे मान्य. शिवाय भूमिहीनाला पक्कं घर मिळालं, ते त्याला भूकंपाआधी कधी मिळालं नसतं, हेही खरंच आहे. तरी अडीचशे फुटांत मराठवाड्यातलं घर बसत नाही. त्या घराला ढाळज लागते, धान्याला बळद लागतं, अंगणात दावण लागते आणि पाहुणा आला तर त्याला ओटा. बापलेकांचं एकत्र घर असेल तर खाती किती धरायची, यावर भाऊबंदकीचे निकाल तहसीलमध्ये लागू लागले. नवी गावं चौकटीत आखली: सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, दोन घरांमध्ये जागा. जुन्या गावाच्या कितीतरी पट जमीन त्यात गेली, आणि ती कुणाच्या तरी शेतातूनच गेली. पूर्वी दारातून हाक मारली की शेजारीण येत होती. आता हाकेच्या अंतरात शेजारी नव्हता. गल्ली, वेस, पार यांचं माप कुठल्याच तक्त्यात नव्हतं. नकाशे दाखवायला ग्रामसभा झाल्या, टाटा समाजविज्ञान संस्थेची माणसं लोकसहभागाचं काम घेऊन गावात फिरली. ही तीच देवनारची संस्था, जी नर्मदेच्या महाराष्ट्रातल्या विस्थापितांच्या पुनर्वसनावरही राज्याच्या वतीनं देखरेख करत होती. मात्र अनेक गावांत बांधणारे देणगीदार होते, त्यांचे इंजिनिअर आणि नमुने त्यांच्याबरोबर आले होते. ज्यानं फुकट घर दिलं त्याच्याशी भांडायला जीभ उचलत नाही.

दुरुस्तीच्या गावांत मात्र वेगळं काही घडलं, आणि माझ्या मते जाब विचारण्याची या जिल्ह्यातली खरी गोष्ट तीच आहे. तिथं गुत्तेदार नव्हता. घरमालकानं स्वतः बांधायचं, पैसा हप्त्याहप्त्यानं मिळणार, आणि पुढचा हप्ता काम बघून. त्यामुळे प्रश्न असा होता की गावातल्या माणसाला नियम कोण समजावून सांगणार? सरकारनं हे काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला दिलं. तिच्या प्रेमा गोपालन याआधी मुंबईत झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या स्पार्क संस्थेच्या संस्थापकांपैकी. (इंग्रजी आद्याक्षरं केली तर ही संस्थाही एस.एस.पी. आणि सरदार सरोवर प्रकल्पही एस.एस.पी.; बँकेच्या फायलींत कुणाचा घोटाळा झाला नसेल अशी आशा.) संस्थेनं महिला मंडळांतून बायका निवडल्या. त्यांना नाव मिळालं संवाद सहायक.

या बायकांचं काम कागदावर माहिती देण्याचं होतं. यादीत कुणाचं नाव आहे, कुणाचं राहिलं, हप्ता अडला तर का अडला, हे गावाला सांगायचं. पण माहिती सांगायची तर आधी ती मिळवावी लागते, आणि ती मिळवायला बाई इंजिनिअरपुढे उभी राहिली की तिला सळईची जाडी विचारावी लागते. वाळूत माती किती, सिमेंटच्या गोणीला पाट्या किती, खिडकीच्या वरून चारही भिंतींना बांधणारा पट्टा टाकला का, भिंतीत आरपार दगड बसवले का. ज्या घरात भूकंपापूर्वी बांधकामाचा शब्द पुरुषांनीच बोलायचा, तिथं सून गवंड्याला थांबवून पुन्हा थर लावायला सांगू लागली. तिथल्या पुरुषांनी हे सगळं हसतमुखानं घेतलं असेल असं मानायचं कारण नाही. काम १९९८पर्यंत चाललं. पुढे २००१मध्ये कच्छ हादरला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूलाही.

या सगळ्या वर्षांत भूकंपाच्या गावांतून पॅनेलकडे कधी प्रकरण उभं राहिलं नाही. त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पॅनेल आहे हे सांगण्याचं काम प्रकल्पात कुणाचंच नव्हतं. सांगणार कोण? तलाठी? ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्यानंच दाद मागण्याचा पत्ता द्यायचा, अशी ही रचना. आणि पत्ता मिळाला असता तरी विचारायचं काय, हा प्रश्न होताच. अंगणात दावण नाही, ही बँकेच्या कुठल्या नियमाची पायमल्ली? नव्या गावठाणासाठी ज्याचं शेत गेलं त्याला कदाचित काही म्हणता आलं असतं, कारण लोकांना हलवण्याबाबत बँकेचं लेखी धोरण तेव्हाही होतं. पण गावानं ढिगाऱ्यातून प्रेतं काढली होती. त्या गावासाठी शेत देणाऱ्यानं वॉशिंग्टनला अर्ज करायचा, हे त्याच्याच भावकीला सहन झालं नसतं.

महाराष्ट्रातून पॅनेलकडे गेलेली मोठी तक्रार भूकंपानंतर अकरा वर्षांनी आली, आणि ती मुंबईतून. २००२मध्ये बँकेनं लोकलगाड्या आणि रस्त्यांसाठी मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला ५४ कोटी डॉलरहून जास्त कर्ज दिलं. त्यात रूळांच्या कडेची आणि जोडरस्त्यांवरची सुमारे १ लाख २० हजार माणसं हलवायची होती. कुर्ल्याच्या दुकानदारांनी २००४च्या एप्रिलमध्ये अर्ज केला. वर्ष संपेपर्यंत आणखी तीन अर्ज गेले. दुकानदारांचं म्हणणं मापाचंच होतं. पाचशे फुटांचं दुकान असो की हजाराचं, बदल्यात मिळणार सव्वादोनशे चौरस फूट, आणि तेही गिऱ्हाईक नसलेल्या वसाहतीत. भूकंपाच्या गावात भूमिहीनाला मिळाले त्यापेक्षा पंचवीस फूट कमी. ही माणसं भूमिहीन नव्हती, दुबळी नव्हती. त्यांच्याकडे भाडेपावत्या होत्या, परवाने होते आणि इंग्रजीत अर्ज लिहून देणारं कुणीतरी होतं. पॅनेल मुंबईत आलं, मानखुर्दच्या इमारती बघितल्या, आणि डिसेंबर २००५च्या अहवालात बँकेनं लोकांची संख्या, त्यांचं उत्पन्न, त्यांच्या तक्रारी यांपैकी कशाकडेही धड पाहिलं नाही असं लिहिलं. १ मार्च २००६ रोजी बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा थांबवला. जूनअखेर अटी मान्य झाल्यावर तो पुन्हा सुरू झाला. त्या चार महिन्यांत मंत्रालयात जी धावपळ झाली, ती वसाहतीतल्या माणसांनी मोर्चे काढून कधी झाली नव्हती. मणिबेलीनं मिळवलेला हक्क महाराष्ट्रात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वापरला तो कुर्ल्यानं.

त्यानंतर कोर्टाचा दरवाजाही किलकिला झाला. कच्छमधल्या मुंद्र्याच्या टाटांच्या औष्णिक प्रकल्पाला बँकेच्याच कुटुंबातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळानं ४५ कोटी डॉलर दिले होते. त्या प्रकल्पाची वीज महाराष्ट्रही घेतो. तिथले मच्छीमार आणि शेतकरी अमेरिकेच्या कोर्टात गेले, आणि फेब्रुवारी २०१९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध एक असा निकाल दिला की अशा संस्थांना खटल्यापासून संपूर्ण अभय नाही. पुढे खालच्या कोर्टांनी वेगळ्या मुद्द्यावर तो खटला काढून टाकला. दरवाजा उघडला, आत शिरता आलं नाही.

धाराशिवमध्ये, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादमध्ये, बँकेचा पैसा भूकंपानंतरही येत राहिला. २००३पासून जलस्वराज्य प्रकल्पात गावाच्या पाणी योजनेचा पैसा गावाच्याच समितीकडे येऊ लागला. २०१८मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, ४२ कोटी डॉलरच्या कर्जाचा, मराठवाडा-विदर्भातल्या दुष्काळी गावांसाठी. त्यातही हा जिल्हा होता. शेततळ्याचा अर्ज मोबाइलवर भरायचा, अनुदान खात्यात जमा. पॅनेलचा नियमही बदलला आहे. पूर्वी कर्जाचा ९५ टक्के पैसा खर्च झाला की तक्रारीची मुदत संपायची. २०२०पासून प्रकल्प बंद झाल्यावर पंधरा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. शेततळं गळतं की नाही, हे कळायला निदान एक पावसाळा जावा लागतो. तेवढा वेळ आता आहे. अर्ज मराठीत चालतो, आणि त्यावर दोन सह्या लागतात.